सुजाताचं हृदय ग्रहणाच्या आधीच घडलं होतं

इथं जमलेले सगळे वडीलधारे, माझ्या बहिणी, आणि सुजाताच्या वर्गातली मुलं, सगळ्यांना जयभीम.

एवढ्या उन्हात तुम्ही आलात. कामठीहून नातेवाईक आले, वाडीहून दादाच्या गोदामातली माणसं आली. विहारात पंखा एकच आहे. जरा सरकून बसा, म्हणजे दारातल्यांनाही सावली मिळेल.

मला बोलायला सांगितलं, कारण आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच. पण हे बोलायला कोणी शिकवलेलं नाही. खरं सांगू का, मला अजून रडूच आलेलं नाही. आज सकाळी मी तिच्या फ्रॉकला बटण लावत बसले होते. लावून झालं, दोरा तोडला, आणि मग लक्षात आलं. तरीही रडू आलं नाही. तेव्हा बोलताना मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

सुजाता माझ्या भावाची मुलगी. सहा वर्षांची. तुम्ही तिला गल्लीत पाहिलेलं आहे. खेळता खेळता ती मधेच उकिडवी बसायची. गुडघे छातीशी, मान खाली. दम परत आला की उठायची आणि आपला डाव मागायची. तिचे ओठ आणि नखं निळी असायची. कोपऱ्यावरचे किराणावाले काका तिला चिडवायचे, "काय वं सुजाता, आजबी जांभळं खाऊन आली का?" ती जीभ बाहेर काढून दाखवायची. "पाहा ना काका, जीभ कुठं जांभळी आहे? फुकटचं नाव घेऊन राहिले तुम्ही." मग काका गोळी द्यायचे. ती गोळीसाठीच तिथून जायची, हे त्यांनाही माहीत होतं.

तिचा आजार जन्माचा होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागदावर हृदय काढून आम्हाला समजावलं होतं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. त्यामुळे रक्त पुरतं शुद्ध न होताच अंगभर फिरायचं. असा आजार फार थोड्या मुलांना होतो, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन इथं होत नव्हतं. मुंबईला नाव दिलं होतं. बोलावणं यायचं होतं.

ते येण्याआधीच मंगळवारी सकाळी तिला झटका आला. पूर्वीही यायचे. डॉक्टरबाईंनी तिच्या आईला, शांतावहिनीला, शिकवलं होतं, की अशा वेळी मुलीला कुशीत घ्यायचं, तिचे गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि आपण घाबरायचं नाही. वहिनीने तसंच केलं. मी शेजारी होते, मी पाहिलं. ती घाबरली नाही. दर वेळी ओठांवर रंग परत यायचा. या वेळी आला नाही. दादा रिक्षा घेऊन आला, तेव्हाही वहिनीने गुडघे तसेच धरून ठेवले होते.

एवढंच झालं. आता मला जे सांगायचं आहे, ते सांगते.

काल आमच्याकडे भेटायला बाया आल्या. मायेनेच आल्या होत्या. त्यांतल्या एकीने वहिनीला विचारलं, "पोर पोटात होती तवा ग्रहण लागलं होतं ना वं? काही चिरलं-गिरलं होतं का?" वहिनी पाण्याचे पेले देत होती. पेला हातात देत ती म्हणाली, "हो."

इतक्या सहज म्हणाली, जसं कोणी विचारावं, पाणी भरलं का, आणि आपण म्हणावं, हो.

त्या वर्षी सूर्यग्रहण होतं. वहिनीला सातवा महिना होता. दादा कामावरून येणार म्हणून तिने वांगी चिरली. माझी आई, सुजाताची आजी, दारातून ओरडली होती, "शांते, विळी ठेव खाली." तोवर दोन वांगी चिरून झाली होती. पुढे हृदयाला भोक आहे असं कळलं, आणि घरात सगळ्यांना त्या वांग्यांची आठवण झाली. माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव बाहेर गेले. ग्रहण मात्र राहिलं. ते बाहेर न्यायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, बाळाचं हृदय कधी तयार होतं? त्या म्हणाल्या, पहिल्या दोन महिन्यांतच. कित्येकदा बाईला दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. म्हणजे काय? म्हणजे वहिनीने विळी हातात घेतली, तेव्हा सुजाताचं हृदय केव्हाच घडलेलं होतं. भोकासकट घडलेलं होतं. वांगी नंतर चिरली. हे मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टरले काय समजते गं ग्रहणातलं?" विषय तिथंच संपला. वहिनी चुलीजवळ बसून ऐकत होती.

मग भोक का पडलं? मी तेही विचारलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते आम्हालाही माहीत नाही."

आई, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तूच सुजाताला कडेवर घेऊन शाळेत पोचवायचीस, तुझे गुडघे दुखत असताना. 'माहीत नाही' या उत्तरावर तुझं भागत नव्हतं. माझंही भागत नाही. पण त्या रिकाम्या जागेत आपण एका जिवंत बाईला नेऊन बसवलं. सुजाता गेली. हिला अजून जगायचं आहे. ही रोज विळी हातात घेणार आहे, रोज भाजी चिरणार आहे. काल म्हणाली ते 'हो' घेऊन तिने ती कशी चिरायची?

मला तुमच्याकडून दुसरं काही नको. सांत्वनाला आमच्याकडे या. सुजाताबद्दल बोला, ती कशी भांडायची ते सांगा. पण तो प्रश्न वहिनीला पुन्हा विचारू नका. तिच्यामागेही विचारू नका.

आता फुलं वाहायची आहेत. रीत अशी, की आधी वडीलधारे वाहतात. आज पहिलं फूल वहिनीने वाहावं, असं मला वाटतं. ती तिकडे मागे, चपलांजवळ बसली आहे. सकाळपासून तिथंच आहे.

आई, तू ऊठ. तू तिला हाताला धरून पुढे आण. मी आणलं तर ती येईल, पण ते तुझ्यासारखं होणार नाही.

बाकी सगळ्यांनी उभं राहा. आज कोणी घड्याळ पाहू नका. त्या दोघी तिथून इथवर येईपर्यंत, जितका वेळ लागेल तितका, आपण गप्प राहू.