डॉक्टर यशोदाबाईंचा पहिला चिरूट

(डॉ. यशोदाबाई भोळे यांच्या निरोप समारंभात रुपचंद वकील यांनी केलेलं भाषण. धुळे, १९३८)

सन्माननीय अध्यक्ष झुलाल आबा, व्यासपीठाची शोभा वाढवणारे मामलेदारसाहेब व इतर थोर मंडळी, आजच्या उत्सवमूर्ती डॉक्टर यशोदाबाई, उजव्या हाताला बसलेल्या माझ्या माताभगिनी, आणि जागा नसल्यामुळे दाराशी उभं राहूनही एकदाही न कुरकुरलेले माझे धुळेकर बंधू,

माझ्याआधी बोललेल्यांनी बाईंचं कौतुक इतक्या सढळ हाताने केलं की माझ्या वाट्याला काही उरलेलंच नाही. बाई असोद्याच्या शेतकऱ्याघरची लेक, मुंबईला जाऊन डॉक्टर झाल्या, हे सांगून झालं. त्या इथे आल्या तेव्हा सरकारी दवाखान्याची पायरी चढायला बायका धजत नव्हत्या आणि आज खाटा पुरत नाहीत, हेही सांगून झालं. जळगावला त्यांची बदली झाली म्हणून हळहळूनही झालं. मग रुपचंद वकिलाने उठून बोलायचं तरी काय?

तेव्हा मी असं ठरवलं आहे की जे दुसरं कोणीच सांगणार नाही ते मी सांगावं. बाईंना चिरूट ओढायला मी शिकवलं.

पाहा, खुर्च्या वाजल्या. मामलेदारसाहेब, आपण जरा पाणी घ्या. बाई माझ्याकडे कशा बघतायत तेही मला दिसतंय. ही गोष्ट चारचौघांत काढायची नाही अशी त्यांनी मला ताकीद दिलेली आहे. पण उद्या त्या गाडीत बसणार. आता नाही बोललो तर कधी बोलू?

काही वर्षांपूर्वीचा वैशाख. दुपारची वेळ. मी पडवीत जेवून आडवा झालो होतो. बाई आल्या, बरोबर दवाखान्यातली आया धनीबाई. आधी आमच्या सौ. सुंदरबाईंना म्हणाल्या, "अक्का, नानांकडे काम आहे, तुम्हीही बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाना, मला एक चिरूट निवडून द्या. मी जन्मात कधी ओढलेला नाही. पहिल्यांदाच ओढणाऱ्याला झेपेल असा पाहिजे, आणि तो उद्या सकाळच्या आत ओढता आला पाहिजे."

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. सुंदरबाई कांदा आणायला उठल्यासुद्धा होत्या. पण बाईंनी पुढचं सांगितलं आणि आमचं हसू जागच्या जागी विरलं.

साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. त्याचं नाव घेत नाही. तिथल्या पडक्या विहिरीत एका तरुण बाईचं प्रेत सापडलं होतं. जमना तिचं नाव. विधवा होऊन बापाकडे राहिलेली. प्रेत बरेच दिवस पाण्यात होतं, वर उन्हाळा; जास्त सांगत नाही. गावात कुजबुज अशी, की तिला दिवस गेले होते म्हणून तिने जीव दिला. भाऊबंद बसले आणि म्हणाले, हे खरं निघालं तर उखर्डूचं घर, म्हणजे तिच्या बापाचं घर, वाळीत. धाकट्या मुलीचं, मंदाचं, लग्न ठरलेलं होतं, तेही मोडणार. म्हणजे खरं काय ते प्रेत तपासूनच कळायचं. पण जमनाची आई मंजुळाबाई प्रेताजवळ बसून राहिली आणि एकच म्हणत राहिली, "मनी पोरले गडी माणूसना हात लागू देसू नही."

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी यशोदाबाईंना विचारलं, तुम्ही तपासाल का; बाईंनी होकार दिला. असं प्रेत त्यांनी आजवर तपासलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "अशा वेळी आम्ही तोंडात चिरूट ठेवतो. त्यावाचून उभं राहवत नाही."

"मला भीती वासाची नाही, नाना," बाई मला म्हणाल्या. "मध्येच चक्कर येऊन मी बाजूला झाले, तर उरलेलं काम पुरुषाला करावं लागेल. आणि त्या आईला मी निरोप धाडून शब्द दिलाय."

आता मंडळी, धुळ्यात चिरुटाची पारख रुपचंद वकिलाइतकी कोणाला नाही, हे आमचे शत्रूही कबूल करतात. मी ऐटीत माझी पेटी उघडली आणि त्रिचनापल्लीचा काळाभोर चिरूट बाईंपुढे धरला. सुंदरबाई म्हणाल्या, "ह्याचा धूर गोठ्यात गेला की म्हैस पान्हा चोरते, आणि हा तुम्ही बाईंना देता?" बरोबर होतं त्यांचं. नव्या माणसाला तो म्हणजे पहिल्याच दिवशी आखाड्यात वस्तादाशी कुस्ती. ब्रह्मदेशाचा चिरूट दिसायला फिका आणि गरीब, पण त्याची पानं भरड. पेटती ठिणगी कधी मांडीवर पडेल सांगता येत नाही. मनिलाचा मऊ, सौम्य, नवख्यासाठी उत्तम. पण बाई पदराला हात लावून म्हणाल्या, "नाना, खादी नेसून परदेशी चिरूट?" तोही गेला.

धनीबाई आमच्या शिरपूरकडच्या डोंगरातली, लहानपणापासून बिडी ओढणारी. तिला ही सगळी चिकित्सा म्हणजे रिकामपणाचे उद्योग. ती म्हणाली, "वकीलदादा, बाईले बिडी द्या ना. हाई येवढं मोठं लाकूड कसाले?"

तेव्हा बाईंनी समजावलं. बिडी घडीघडी विझते, घडीघडी हातात घ्यावी लागते. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असणार. पेटवल्यावर जो तोंडातच राहील, जड होऊन वाकणार नाही, ज्याचा धूर डोळ्यांत जाणार नाही असा पाहिजे. "आणि त्याची राख पडता कामा नये," त्या म्हणाल्या. कुणावर पडता कामा नये, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला आपोआप कळलं. इतकी वर्षं मी चिरूट ओढतोय. राख कुठे पडते याचा विचार मी माझ्या धोतरापलीकडे कधी केला नव्हता.

मी तसाच उन्हात आग्रा रोडवरच्या बोहऱ्याच्या दुकानात गेलो. मद्रासकडच्या दिंडीगुलचे, म्हणजे स्वदेशी, चिरूट काढायला लावले. रंगाने पिकल्या गव्हासारखे, करंगळीहून थोडे जाड, तुकड्यांचे नव्हे तर अखंड पानांचे वळलेले. अखंड पानाची राख धरून राहते. बोटांत दाबून पाहिले. कुरकुरला तो बाजूला, फार मऊ लागला तोही बाजूला. बोहरी म्हणाला, "वकीलसाहेब, मुलगी बघायला आलात की चिरूट घ्यायला?" मी निवडलेले तेवढे बांधून घेतले.

घरी आल्यावर शिकवणी. उपाशीपोटी ओढायचा नाही, म्हणून सुंदरबाईंनी बाईंना आधी दूधभाकरी खायला लावली. धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा. घाई करायची नाही. गरगरलं तर गुळाचा खडा. बाई औषधाची मात्रा विचारावी तसं एकेक विचारत होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या व्यसनाबद्दल इतक्या गंभीरपणे बोलत होतो.

मग सुंदरबाईंनी एक युक्ती काढली, तिला माझा आजही नमस्कार आहे. त्यांनी सुपात तुरीची डाळ आणली, बाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तोंडात चिरूट धरून ह्यातले खडे वेचा. राख डाळीत पडली की पुन्हा पहिल्यापासून."

सभ्य गृहस्थहो, हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. खादीचं पांढरं लुगडं, कपाळावर घाम, तोंडात दिंडीगुलचा चिरूट, आणि आमच्या डॉक्टरीणबाई डाळ निवडतायत. पहिल्या झुरक्याला ठसका, डोळ्यांतून धारा, राख डाळीत. मग चेहरा पिवळा पडला, गूळ दिला, खांबाला टेकून बसल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी मान हलवली आणि नवीन पेटवला. पुन्हा राख पडली, पुन्हा सूप पाखडलं. दिवेलागणीला त्यांच्या चिरुटाला बोटाच्या पेराएवढी राख उभी होती आणि सुपातली डाळ स्वच्छ होती. धनीबाईचं हसणं केव्हाच थांबलं होतं. बाई उठल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "अक्का, येते."

दुसऱ्या दिवशी पंच म्हणून मलाही नेलं. विहिरीजवळच्या निंबाखाली गावातल्या बायकांनी लुगडी धरून आडोसा केला होता. आम्ही पुरुष वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर उभे. फौजदारांच्या नाकाला अत्तराचा फाया, माझ्या तोंडात त्रिचनापल्लीचा. तरीही उभं राहवत नव्हतं. बाईंनी मला आडोशाच्या कडेला बोलावलं. मी पाठमोरा होऊन काडी ओढली, त्यांनी चिरूट पेटवला, शिकवल्याप्रमाणे धूर सोडला. मी बाजूला झालो, पण इतका जवळ होतो की आतलं बोलणं ऐकू येत होतं.

मंजुळाबाई लेकीच्या उशाशी बसली होती. तिने विचारलं, "हाई काय शे, बाई?"

बाई म्हणाल्या, "वास येवाले नको म्हनीसन शे, माय."

मंजुळाबाई म्हणाली, "माले तर काय वास येत नही."

मंडळी, त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखरच येत नव्हता. तिची लेक होती ती.

आडोशाखालून एक पेटता चिरूट बाहेर आला आणि धुळीत पडला. नुकता पेटवलेला. मी घाबरून हाक मारली, "बाई, असं करू नका." आत काम सुरू झालं होतं. उघड्या तोंडाने, उघड्या नाकाने, त्या आईसमोर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. फौजदार मागे सरले, पंच मागे सरले. मी पुरुष, मी वकील, मी चिरुटाचा पारखी; मी बैलगाडीमागे जाऊन ओकलो. आडोसा धरणाऱ्या बायकांपैकी दोघी बदलल्या. बाई एकदाही बाहेर आल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज स्वच्छ होता. सगळं गाव, भाऊबंद, पाटील समोर उभे. बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "हिना पोटमा काहीच नव्हतं. कशी पडनी ते मी देखं नही. पन हिना बोटं सोलायेल शेतस, नखमा इहिरना दगडवरलं शेवाळ शे. वर येवासाठे हिनी जीव तोडीसन धडपड करी. जीव देनारी बाई अशी करत नही. आखो कोनले काही इचारनं हुई, ते माले इचारा."

भाऊबंदांतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा म्हातारा खाली मान घालून सरपणाच्या गाडीकडे गेला आणि लाकडं उतरवू लागला. मग एकेक जण गेला. उखर्डूच्या घरचं सुतक सगळ्या भावकीने पाळलं, त्याच्या ओट्यावर सगळे जेवले, आणि ठरलेल्या तिथीला नसेल पण त्याच घरात मंदाचं लग्न लागलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. बाई हात धुवत होत्या, मी तांब्याने पाणी घालत होतो. मंजुळाबाई जवळ आली. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "बाई, तुले वास उना का?"

बाई म्हणाल्या, "नही माय. काहीच उना नही."

कोर्टात माझी हयात गेली. शपथेवर सांगितलेलं खोटं मी रोज ऐकतो. पण त्या दुपारी माझ्या हातातला तांब्या खाली आला आणि मी बाईंच्या पायांकडे बघत राहिलो. वयाने त्या माझ्या लेकीसारख्या, म्हणून वाकलो नाही. वाकायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

अध्यक्ष महाराज, मंजुळाबाई आज इथे आहेत. तिकडे खांबाजवळ, डोक्यावरून पदर घेतलेल्या. साक्रीच्या मोटारीने आल्या आहेत. बाई चालल्या हे त्यांना कोणी कळवलं, मला ठाऊक नाही. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की डॉक्टरीणबाईंना लुगडं-चोळी मामलेदारसाहेबांच्या पत्नींच्या हस्ते द्यायची. त्या माउलीला मी हात जोडून विनवतो, हा मान आज मंजुळाबाईंना द्यावा. मामलेदारीणबाई होकाराची मान हलवतायत. मी आभारी आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे उपकार झाले. आयाबहिणींसमोर बोलू नये असं काही तोंडून गेलं असेल, मंगल प्रसंगी नको ते आठवलं असेल, बाईंचा शब्द मोडला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं समजून पदरात घ्यावं.

या, मंजुळामाय, पुढे या. वाट द्या रे त्यांना. लुगडं इथे टेबलावर ठेवलेलं आहे.