आप्पांची निर्जळी

राजारामपुरीतल्या दवाखान्यात शिवलीला आयसीयूच्या दाराशी बसली होती. आत तिचं बाळ होतं. त्याच्या हृदयाचं छिद्र सकाळीच बुजवलं होतं. सिस्टर दिसली की ती एवढंच विचारायची, "ठोके नीट आहेत ना?" शेजारच्या बाकावर चंदनाबाई आणि त्यांच्या मुलाचं बोलणं चाललं होतं; मुलाचे वडील, आप्पा, आतच होते.

"सम्मेद, डाक्टर काय म्हणाला?"

"आप्पांचं हार्ट झ्याक हाय म्हणतोय. पण कालधरनं लघवी जवळजवळ बंद हाय. किडनीला मार बसलाय."

"आपरेशन हार्टचं, आणि किडनीला कसा मार बसतोय?"

"आपरेशन चालू असताना किडनीला रगात कमी पडतं म्हणं. त्यात अंगात पाणी कमी असलं तर जास्तच. मला इचारलं, आधी पाणी नीट पीत हुते का. मी व्हय म्हटलं."

"न्हाय पीत हुते. आदल्या दोन्ही दिवशी निर्जळी धरली हुती. सगळं नीट पार पडावं म्हणून."

"आणि तांब्या रिकामा व्हायचा की."

"मीच मोरीत ओतत हुते. डाक्टरला कळलं तर आपरेशन पुढं ढकलंल म्हणाले."

"जा, आत्ता सांग जा."

"उपासाला नावं ठेवतील रं."

"ठेवू देत की. आप्पा तरी ऱ्हातील."

चंदनाबाई उठल्या. दार उघडलं.

"सिस्टर, डाक्टरास्नी बोलवा. मला एक सांगायचंय."

त्यांच्या खांद्यामागून शिवलीलाने मान पुढे काढली.

"सिस्टर, माझ्या बाळाला लघवी झाली का?"