निरोप आला नाही तर

वर्षाराणी : नाही पटलं मला. विहिरीवरच्या मोटारीनंच कळवायचं, अन् आपला सर्व्हर नुसता ऐकत बसणार?

मृत्युंजय : मग काय दर मिनिटाला तिला इचारू, चालू हायस का, चालू हायस का? अगं, गावोगावच्या विहिरी जोडल्या तर सर्व्हर मान टाकंल. मोटारीला लावलेल्या सिमचा डेटा जाईल त्यो निराळाच. मोटार चालू-बंद झाली की तीच एपीआयला, म्हंजी सर्व्हरच्या दाराशी, निरोप धाडंल. लई सुटसुटीत.

वर्षाराणी : आणि निरोप आलाच नाही तर?

मृत्युंजय : तर समदं ठीक हाय.

वर्षाराणी : किंवा मोटार जळालीय. तुमच्या एपीआयला दोन्ही सारखंच!

मृत्युंजय : उद्या ठिबकवाल्या कंपनीला दाखवायचंय, अन् तू आज खुसपटं काढायलीस.

वर्षाराणी : बरं, लोह्याला अप्पांच्या विहिरीवरच्या मोटारीला आपण हे बसवलंय, तिचा शेवटचा निरोप कधीचा?

मृत्युंजय : परवाचा. मोटार बंद केल्याचा.

वर्षाराणी : तुमचे अप्पा भाजीला रोज पाणी सोडतात की.

मृत्युंजय : लाईट नसंल.

वर्षाराणी : टेस्टिंगसाठी विचारायची सोय ठेवलीय ना? विचारून बघा एकदा.

मृत्युंजय : थांब... आलं उत्तर. बघ, म्हणलं न्हवतं? मोटार धडधाकट हाय. लाईटबी हाय. नुसतं कुणी बटण दाबलं न्हाई.

वर्षाराणी : मग अप्पा कुठंयत?

मृत्युंजय : शेतातच की. काही लागलं तर फोन करतील.

वर्षाराणी : आजवर कधी केलाय? अहो, मला भीती वाटायलीय.

मृत्युंजय : लाव फोन. स्पीकरवर टाक.

(बराच वेळ रिंग वाजत राहते.)

शंकरप्पा : हां, बोल पोरी.

मृत्युंजय : अप्पा, मी बोलायलोय. बरं हाय ना?

शंकरप्पा : बरं हाय की.

वर्षाराणी : अप्पा, परवापासून मोटार लावली नाहीत तुम्ही.

शंकरप्पा : नांदेडात बसून कळतंय व्हय? जरा ताप हाय. उठवंना.

मृत्युंजय : मग सांगायचं न्हाई का! एक फोन करायचा!

शंकरप्पा : तुम्ही कामात असता, बाबा.

मृत्युंजय : जेवलात का?

शंकरप्पा : काल शेजारच्या पिराजीच्या घरून भाकर आलती.

मृत्युंजय : काल? वर्षा, कंपनीला कळव, उद्या जमणार न्हाई. दोन्ही ठेवू म्हणावं. मोटारबी सांगंल, अन् आपुनबी इचारू. अप्पा, निघालोच आम्ही.

शंकरप्पा : नगं, नगं. कशाला उगं धावपळ?

वर्षाराणी : गाडी काढतायत हे. पडून राहा तुम्ही.

शंकरप्पा : बरं... येतच असाल तर मोसंब्या आना. तोंडाला चवच न्हाई.