म्युलरांच्या विजारीला घातलेला कच्चा टाका

…आणि नवस तरी मी असा काय मोठा बोलले होते, तुम्हीच सांगा. सोनंनाणं मागितलं? नाही. कुणाचं वाईट चिंतलं? छे. चौदा संतांच्या देवळात गुडघे टेकून एवढंच म्हटलं, की बाबांनो, त्या फोल्कमार म्युलरच्या तोंडून एक दिवस, फक्त एक अख्खा दिवस, बकरी निघू देऊ नका. मी आमच्या ओटमारांच्या उंचीची मेणबत्ती घेऊन पायी येईन. सूड नाही हो. माझ्या मनात सूड वगैरे काही नाही, मी दर शुक्रवारी उपास करणारी बाई. आता चौदा जणांत एक घशाचा, एक डोकेदुखीचा, एक पोटाचा… सुडाचं खातं नेमकं कुणाकडे हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून चौदाही जणांच्या कानावर घालून ठेवलं, इतकंच.

बकरीचं सांगते. आमचं आडनाव श्नायडर. म्हणजे कापणारा, कापड कापणारा, शिंपी. आता आमच्या ह्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी सुई धरलेली नाही. ओटमार पोस्टात, सासरे पोस्टात, आजेसासरे रेल्वेत. शर्टाचं बटण तुटलं तर ओटमार तो शर्ट दोन बोटांत धरून माझ्यापुढे असा आणतात, जणू मांजराने उंदीर मारून ठेवलाय. पण आडनाव शिंप्याचं ना? मग झालं! शिंपी दिसला की मे-मे-मे करायचं, ही आमच्याकडची रीत. का? तर म्हणे शिंपी हडकुळा, शिंपी भित्रा, शिंप्याचं वजन बकरीएवढं, वारा सुटला की खिशात इस्त्री ठेवून चालतो. शाळेत पहिल्या दिवशी फोल्कमार ओटमारांच्या मागच्या बाकावर बसला, तेव्हापासून जे मे-मे सुरू झालं ते आज ओटमार अडुसष्ट वर्षांचे आहेत तरी चालूच. पाव घ्यायला गेले की मे. चर्चमधली मिस्सा संपून पायऱ्या उतरले की मे. आमच्या लग्नातसुद्धा, मी ‘हो’ म्हणाले आणि मागून मे! ओटमार नुसतं हसायचे. पण बायांनो, चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला कळतं, कुठलं हसू पोटातून येतं आणि कुठलं नुसतं दातांतून.

आणि म्युलर म्हणजे कोण? गिरणीवाला. पीठ चोरणारी जात! गिरणीच्या छपरावर करकोचा घरटं बांधत नाही, म्युलर अंडी उचलेल म्हणून भितो, असं आमचे वडील सांगायचे. पण म्युलरांना कुणी चिडवतं का? कशाला चिडवेल? गावात म्युलर त्रेसष्ट आणि श्नायडर दोन, मी आणि ओटमार. शिवाय बेकरी फोल्कमारची. त्याला चिडवून सकाळी खायचं काय?

तर झालं असं, की यंदा गावाला नऊशे वर्षं झाली. देगेनहार्ट मास्तरांनी सगळ्या आडनावांचं मूळ शोधून काढलं आणि सभागृहात वाचून दाखवलं. म्हणाले, पूर्वी आडनावंच नव्हती, एका गावात पाच-पाच कुन्त्स असायचे. धान्याचा दहावा हिस्सा न्यायला बिशपचा कारकून आला की वैतागायचा, कुठला कुन्त्स? मग दळणारा कुन्त्स, लोहार कुन्त्स, शिवणारा कुन्त्स असं लिहू लागला, आणि माणसं मेली तरी शेपट्या राहिल्या. गावोगाव गिरणी, गावोगाव लोहार, गावोगाव शिंपी. म्हणून आज अख्ख्या देशात म्युलर पहिले, श्मिट दुसरे आणि श्नायडर तिसरे! तिसरे, ऐकलंत? मी ओटमारांच्या कोपराला हात लावला. म्हटलं, बघा, लाखांनी आहोत आपण.

तेवढ्यात उत्सव समितीचा अध्यक्ष उठला. अध्यक्ष कोण, दुसरं कोण, फोल्कमार! मिरवणुकीत प्रत्येक आडनावाने आपल्या धंद्याची खूण घेऊन चालायचं म्हणाला. म्युलरांना पिठाचं पोतं, श्मिटांना ऐरण, माझ्या माहेरच्या फिशरांना जाळं. “आणि श्नायडरांना,” असं म्हणून थांबला, चष्मा पुसला, “बकरी.” सभागृह हसून हसून लोळलं. ओटमार उठले, टोपी घातली, आणि त्या रात्री बटाट्याचा गोळा ताटात तसाच ठेवून म्हणाले, “गुंडल, मी मिरवणुकीत येणार नाही.”

त्यांनी ताटात गोळा ठेवला, कळतंय ना तुम्हाला? चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्याच दिवशी मी चौदा संतांकडे.

आणि परत येते तो दारात फोल्कमार! पांढऱ्या कापडाचे गठ्ठे घेऊन. म्युलरांचे चाळीस पोशाख शिवायचेत, गुंडल, तूच शिव, तुझ्या रक्तातच आहे. म्हटलं, माझ्या रक्तात मासे आहेत, मी फिशरांची. “ते लग्नाआधी,” म्हणाला, आणि जाता जाता… मे.

मी घेतलं हो कापड. सूड नाही. एकोणचाळीस पोशाखांना मशीनची दुहेरी टीप मारली, बिशपने घालावी अशी. चाळिसावी विजार फोल्कमारची, सगळ्यांपुढे पोतं खांद्यावर घेऊन तोच चालणार. तिची कमरपट्टी मी… हाताने जोडली. कच्चा टाका. लांब लांब, नुसता अंगाला लावून बघण्यापुरता घालतात ना, तसला. वरून काही कळत नाही. नाडी घट्ट बांधली तरी पट्टी तेवढी कमरेला राहते, बाकीची विजार आपल्या मार्गाने जाते. शिवताना जपमाळही म्हणत होते. संतांना मदत नको का?

मिरवणुकीच्या दिवशी मी पहाटेपासून सभागृहामागे क्यूखले तळत होते, तीनशे गोड क्यूखले, हात तुपात. बँड वाजला तशी चिमटा घेऊनच धावत चौकात आले. आणि बघते तो काय… पोतं खांद्यावर घेऊन पुढे आमचे ओटमार!

फोल्कमारची म्हणे सकाळी गाडीत बकरी चढवताना पाठ धरली. चाळीस पोशाख, एकोणचाळीस म्युलर, आणि पोतं उचलणारा उंच गडी हवा. ओटमारांची आई माहेरची म्युलर, म्हणजे चालतं, असं मास्तर म्हणाले. बारा मिनिटांसाठी आमचे ओटमार म्युलर झाले होते, आणि बायांनो, काय चालत होते! मान वर, खांदे रुंद. कुणी मे केलं नाही. हसत होते… पोटातून.

मी ओरडू कशी? काय ओरडू, विजार सांभाळा? बांबेर्गहून आलेले मोठे धर्मगुरू पायरीवर उभे! मी कडेकडेने धावत चौदाही जणांना म्हटलं, कारंज्यापर्यंत धरा, मग वाट्टेल ते करा. ओटमारांनी गर्दीत मला पाहिलं. दोन्ही हात पोत्याला, म्हणून नुसती हनुवटी उंचावली, बघ म्हणून.

कारंज्यापाशीच गेली.

मग पहिल्यांदा बोलली ती आमची बकरी, आणि तिच्यामागून अख्खा चौक. म्युलर, श्मिट, माझे सख्खे फिशर, बँडवालेसुद्धा. मे-मे-मे! ओटमार पोतं टाकेनात. पीठ सांडेल ना. उभेच राहिले, नऊशे वर्षांच्या गावापुढे, आखूड चड्डीत.

कारंज्याच्या कठड्यावर पाठीला घोंगडी लावून फोल्कमार बसला होता. तो उठला. अर्धा वाकलेला, कण्हत, तसाच चालत आला, स्वतःचा बेकरीचा एप्रन सोडला आणि ओटमारांच्या कमरेला बांधला. “चल ओटमार,” म्हणाला, “पोतं पोचवायचंय.” आणि वळून चौकाकडे त्याने असं बघितलं की बकरीही गप्प झाली. त्या दिवशी रात्रीपर्यंत त्याच्या तोंडून मे निघालं नाही. गावात त्याच एकाच्या तोंडून निघालं नाही.

मला वाटलं होतं, ओटमारांना काही कळलं नाही. लोक विचारत होते, शिवण कशी उसवली, तर हे म्हणाले, कापडच जुनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विजार मांडीवर घेऊन बसले, कमरपट्टीच्या टोकाचा दोरा चिमटीत धरला आणि ओढला. अख्खाच्या अख्खा निघाला, एकही गाठ नाही. सात पिढ्यांत सुई न धरलेल्या माणसाने तो नीट रिळावर गुंडाळला आणि माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला.

“चांगला दोरा आहे,” म्हणाले, “वाया घालवू नकोस.”

ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि नवस तर फळला, अक्षरन् अक्षर फळला, चौदा जणांनी एक तासही कमी केला नाही. आता एक मीटर ब्याण्णवची मेणबत्ती, चौतीस किलोमीटर पायी. ओटमार म्हणतात, दुसरं टोक मी धरतो. आणि फोल्कमारची पाठ बरी झालीये, कालपासून पुन्हा मे सुरू.

तेव्हा बायांनो, तुम्हीही नवस बोला. जरूर बोला, कुणाच्या नवऱ्याला कुणी काही म्हणत असेल तर आजच बोला, चौदाही जण ऐकतात. फक्त बोलून झालं की घरातली सुई शेजारणीकडे नेऊन ठेवा.