दिवा चालू राहिल्याबाबत

नाव: ठाण्याकडे नऊ वर्षांपासून आहे, लोक यंत्रवाली म्हणतात. वय ५१. काम: सरकारी चित्रगृहात यंत्र चालवणे. राहणार: चित्रगृहामागची खोली, सोबत वडील, वय ७९.

बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगते की, काल सकाळी अकराला शुद्धीकरण मोहिमेच्या वर्धापनदिनाचा सक्तीचा खेळ होता. फिल्म अकरा मिनिटांची. आधी धरपकड, मग थोरल्या साहेबांचं भाषण, शेवटी टाळ्या. प्रेक्षक सतरा. सतराही जण एकमेकांवर नजर ठेवायला आलेले, त्यामुळे पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाबा माझ्याजवळ, यंत्राच्या खोलीत स्टुलावर होते.

रीळ गुंडाळायचं चाक मोडलंय. तीन अर्ज दिलेत. म्हणून खेळ संपला की मी यंत्रच उलटं फिरवून रीळ मागे आणते. तेव्हा दिवा बंद करायचा असतो. काल तो चालू राहिला.

आधी टाळ्या उलट्या झाल्या. त्या सुलट्यांसारख्याच दिसतात. मग भाषण शेवटाकडून सुरू झालं. समजायला फार फरक पडला नाही. साहेब पडद्यावर असताना उठायला बंदी आहे, म्हणून सगळे बसून राहिले. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, तशा बाकीच्यांनीही वाजवल्या. साहेब मागच्या मागे चालत व्यासपीठावरून उतरून गेले.

मग गाडी आली. माणसं पाठमोरी खाली उतरली. शिपायांनी त्यांचे दंड सोडले. चौथा माझा दादा, नऊ वर्षांपूर्वी नेलेला. तोंड आमच्याकडे ठेवून तो उंबऱ्याच्या आत गेला आणि दार लागलं.

तेव्हा हसण्याचा आवाज आला.

बाबाच हसले, असं सतरा जणांनी लिहून दिलंय. आमच्या खिडकीखाली ठाण्याचा माणूस वही घेऊन बसतो. नऊ वर्षं तो रोज लिहितो, "म्हातारा आजही हसला नाही." वही काढून बघा. हसायची सवय मोडलेला माणूस सतरा जणांना ऐकू जाईल एवढा हसेल होय? ते हसणं माझ्या नावावर लिहा.

ठाणेदार म्हणाले, "बाई, कशाला हात दाखवून अवलक्षण? म्हातारा हसला म्हणा आणि घरी जा."

मी म्हटलं, "घरी दादा पोचलाय. आता मला घाई नाही."

कागदावर घेतलेलं सगळं मला ऐकवलं. बरोबर आहे, पण "दिवा चुकून चालू राहिला" एवढ्यावर थांबू नका. ते पहिल्या वेळचं. चित्रगृहाचं दार उघडायचा हुकूम आला नव्हता, प्रेक्षक जागेवरच होते. मी दिवा बंद ठेवून रीळ पुढे नेलं आणि दिवा लावून पुन्हा मागे आणलं. कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारलंत. कुणाच्याच नाही. तेवढं वाढवून घ्या, मग सही करते.