पूल टेबलाची धुलाई

दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या सुताराशेजारी दोघी बहिणी येऊन बसल्या.

“ताई, आमच्या क्लबातल्या पूल टेबलाचं हिरवं कापड सासूबाईंनी धुतलं गं!”

“पुसलं म्हण.”

“उखडलं, गरम पाण्यात भिजवलं आणि मशीनमध्ये पिळून काढलं.”

“अगं, ती लोकर! कोरड्या ब्रशने, तेही एकाच दिशेने झाडायची असते!”

“खेळताना काठीच्या टोकाला लावतात त्या खडूची निळी पूड त्यांना बघवेना.”

“आटलं?”

“वीतभर. उद्या अंतिम सामना आणि टेबल उघडंबोडकं. ह्यांनी तर अंथरूणच धरलंय.”

“चूक तरी कळली का सासूबाईंना?”

“कळली की! म्हणाल्या, ‘कापड स्वच्छ निघालंय. टेबल वीतभर कापून घ्या.’”

सुताराने खिशातून डोकावणारी मोजपट्टी हळूच आत ढकलली.