तिसरा विडा

सरळ 'नाही' म्हणायला तुम्हा दरबारी लोकांच्या जिभेला काय होतं, मला कधी कळलं नाही. बोललेला शब्द मला कळतो. चेहरे आणि खाकरणं लहानपणापासून वाचता येत नाहीत, आणि आता अंदाज बांधून बांधून थकलोय.

परवा कृष्णपुऱ्यात एका जुन्या दरबारी सरदारांकडे गेलो होतो. गिरणी कामगारांच्या मुलींचा आमचा वर्ग झाडाखाली भरतो. ऊन वाढलं की आया मुलींना घरी बसवणार. सरदारांच्या घरामागची खोली रिकामी होती, तीच मागायची होती.

मी बोलायला लागलो. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "रामजी, अत्तर-पान आणा."

म्हातारे रामजी तबक घेऊन आले. मनगटावर अत्तर लागलं, हातात विडा आला. मला वाटलं, बोलणं पसंत पडलं. विडा खाल्ला आणि मुली काय काय शिकतात ते सांगू लागलो.

"अजून एक घ्या," सरदार म्हणाले. तोही घेतला. मग एकेका मुलीचं नाव सांगितलं.

तिसरा विडा माझ्या हातात ठेवून ते उठले आणि आत गेले. मी तोही खाल्ला आणि वाट बघत बसलो. अर्ध्या तासाने रामजी तबक उचलायला आले.

"सरदारसाहेब खोलीचं विचारायला गेलेत ना?" मी विचारलं.

"वो तो सो गए," रामजी म्हणाले. "कमरा नी मिलेगा, भिया. दरबार में अत्तर-पान आया मतलब अब उठो. ये तो सरकार ने पेले पान में ही बोल दिया था."